डिस्चार्जनंतरचं बिल

रुग्णालयाचं बिल चार लाखांवर गेलं की माणसं धावून येतात. विम्याची कॅशलेस मंजुरी येते. ती नाही आली तर महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना आहे, मुख्यमंत्री सहायता निधीचा अर्ज आहे, एखाद्या देवस्थानाची मदत आहे, ऑफिसातली वर्गणी आहे. त्या बिलाला आकडा असतो, शिक्का असतो, आणि मुख्य म्हणजे ते कधीतरी संपतं. पेशंट घरी येतो तेव्हा दुसरं बिल सुरू होतं. त्याचा एकत्र आकडा कुणी मांडत नाही, आणि ते कधी संपेल हे विचारायची सोयच नसते; कारण ते संपावं असं म्हणणं म्हणजे माणूस संपावा असं म्हणणं.

हे दुसरं बिल आपण पूर्णपणे घरावर सोडलं आहे. घरातही ते सगळ्यांवर पडत नाही, बहुतेक वेळा एकाच माणसावर पडतं, आणि ते माणूस बहुधा बाई असतं. माझ्या मते हा कुटुंबाचा खासगी प्रश्न नाही. बायपासचे पैसे सरकार भरतं, तसा या खर्चाचा एक भाग सरकारने भरायला हवा, आणि तो थेट करणाऱ्याच्या हातात द्यायला हवा.

आधी आकडे बघू. पक्षाघात झालेली ७२ वर्षांची आई, उजवी बाजू गेलेली, बोलणं अर्धवट. पुण्या-नाशकात, घरी पेशंट सांभाळायला माणसं पुरवणाऱ्या ब्यूरोमार्फत चोवीस तासांची बाई ठेवायची तर आज २५ हजारांच्या खाली बोलणं होत नाही. ब्यूरोची फी वेगळी, आणि बाई गावी गेली की बदलीची मिळेपर्यंतचे दिवस तुमचे. फिजिओथेरपिस्ट घरी येण्याचे ५०० रुपये धरले आणि महिन्यात वीसच वेळा आला, तरी १० हजार. डायपर आणि अंडरपॅडचे चार हजार. औषधांचे पाच. वरखाली होणारा पलंग आणि पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून हवेची गादी, दोन्ही भाड्याने, अडीच हजार. झाले ४६,५०० रुपये महिन्याला. यात नाकातली नळी बदलायला येणारा ब्रदर, म्हणजे पुरुष परिचारक, नाही, रात्री-अपरात्रीची ॲम्ब्युलन्स नाही, वाढलेलं विजेचं बिल नाही. हे दर माझ्या ओळखीच्या घरांतले. शहर बदललं की थोडे खालीवर होतील. पण वर्षाचा हिशेब साडेपाच लाखांच्या वरच जातो, म्हणजे ज्या झटक्याने हे सगळं सुरू झालं त्याच्या रुग्णालयाच्या बिलापेक्षा जास्त. आणि हे पहिलं वर्ष झालं. अशी माणसं सात-आठ वर्षंही काढतात, चांगली काळजी घेतली तर अधिक. म्हणजे जितकं चांगलं कराल तितकं बिल लांबतं.

यातलं विमा किती देतो? बऱ्याच मेडिक्लेम पॉलिसींत डिस्चार्जनंतर ६० दिवसांपर्यंतची औषधं आणि तपासण्या धरतात. आयुष्मान भारतमध्ये ही मुदत १५ दिवसांची आहे. २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न न बघता, वर्षाला पाच लाखांचं कवच मिळतं. चांगलीच गोष्ट आहे. पण ते रुग्णालयात दाखल झालेल्याला आहे. म्हातारपणाचा मोठा खर्च दाखल होण्यात नसून घरी पडून राहण्यात आहे, हे ज्याच्या घरात कुणी अंथरुणाला खिळलेलं आहे त्याला सांगावं लागत नाही. सगळ्या योजना मात्र ऑपरेशन थिएटरच्या दारापर्यंत येतात आणि तिथेच थांबतात.

डिमेन्शियाचं, म्हणजे स्मृतिभ्रंशाचं, तर दाखल होणंही नसतं. लासी या देशव्यापी पाहणीच्या आधारे काढलेल्या अंदाजानुसार साठीच्या पुढच्या भारतीयांपैकी ७.४ टक्क्यांना डिमेन्शिया आहे, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं. त्यांना लागतं ते लक्ष. गॅस चालू राहिला का, कडी उघडून बाहेर गेले का, अंघोळ केली की नुसतेच ओले झाले. या लक्ष ठेवण्याला कोणत्याही पॉलिसीत कोड नाही.

प्राप्तिकराच्या जुन्या पद्धतीत अशा काही आजारांच्या उपचारांसाठी वजावट आहे, ज्येष्ठांसाठी एक लाखापर्यंत. त्यात डिमेन्शिया आणि पार्किन्सन बसतात. मात्र ही वजावट उपचारांवर आहे, बाईच्या पगारावर नाही. आणि आता आपोआप लागू होणाऱ्या नव्या करपद्धतीत तीही नाही.

पण ४६,५०० हा आकडाही अपुराच आहे, कारण तो फक्त खिशातून गेलेल्या पैशांचा आहे. ज्यांना हे परवडत नाही, म्हणजे बहुतेकांना, ते बाई ठेवत नाहीत. घरातली बाई घरी राहते. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार देशाच्या आरोग्यखर्चात लोकांच्या खिशातून जाणारा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, तो २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला. अर्थमंत्री या आकड्याचा अभिमान बाळगतील, बाळगावाही. पण सोडलेल्या नोकरीचा पगार त्या लेख्यांत कुठेच येत नाही. तो खर्च खिशातून जात नाही, कारण तो खिशात आलेलाच नसतो.

पंचेचाळिशीतली एक बाई, खासगी कंपनीत अकाउंट्सला, ३० हजार पगार. सासूबाई पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, पण त्या पुन्हा उभ्या राहिल्या नाहीत. घरात बैठक झाली. बैठकीत निघालेलं गणित सगळ्यांना पटलं: बाईला पंचवीस द्यायचे आणि हिने तीस आणायचे, त्यापेक्षा हिनेच घरी राहावं. वरवर बिनतोड आहे. पण त्यात हिचा भविष्यनिर्वाह निधी धरलेला नाही, पुढची पगारवाढ धरलेली नाही. कर्मचारी पेन्शन योजनेत निवृत्तिवेतनाला दहा वर्षांची नोकरी लागते. नवव्या वर्षी घरी बसलेल्या बाईला साठलेली रक्कम काढून घेण्यापलीकडे काही मिळत नाही. आणि पाच वर्षांनी, पन्नाशीला, तिला परत कुणी कामावर घेत नाही. म्हणजे आज सासूची काळजी घेताना ती स्वतःच्या म्हातारपणाचे पैसे खर्च करत असते. तीस वर्षांनी तिला कोण बघणार, हा प्रश्न त्या बैठकीत निघत नाही.

नवऱ्याने का सोडली नाही नोकरी? त्याचा पगार जास्त होता म्हणून, हे उत्तर तयार असतं. पगार उलटे असले तर उत्तर बदलतं का, ते आपापल्या घरात तपासून बघावं. २०२४ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत १५ ते ५९ वयोगटातल्या ४१ टक्के बायका घरातल्या कुणाची तरी काळजी घेण्यात रोज सरासरी १४० मिनिटं घालवताना आढळल्या; पुरुष २१.४ टक्के, आणि ७४ मिनिटं. यात मुलांचं करणंही आलं. पण मुलं मोठी होतात.

कायदा इथे काय म्हणतो तेही बघण्यासारखं आहे. आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा २००७ सालचा. मुलांनी सांभाळलं नाही तर न्यायाधिकरण महिन्याला १० हजार रुपयांपर्यंत निर्वाहखर्च द्यायला लावू शकतं. वाऱ्यावर सोडलं तर तीन महिन्यांपर्यंत तुरुंगवास किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ही मर्यादा काढणारं आणि सुना-जावयांनाही जबाबदार धरणारं दुरुस्ती विधेयक २०१९ मध्ये लोकसभेत आलं, पण त्याचा कायदा झाला नाही. आपल्याकडे लातूर जिल्हा परिषदेने २०२० च्या अखेरीस ठराव केला की आई-वडिलांना न सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्यांचा ३० टक्के पगार कापायचा, आणि काही जणांचा कापलाही. मला त्या ठरावाबद्दल आक्षेप नाही. जे टाकून जातात त्यांना चिमटा बसायला हवा.

पण जो टाकून जात नाही, त्याचं काय? या सगळ्या कायद्यांत टाकणाऱ्याला शिक्षा आहे आणि राहणाऱ्याला काहीच नाही. साधी रजाही नाही. केंद्र सरकारच्या महिला कर्मचाऱ्याला मुलांच्या संगोपनासाठी सबंध नोकरीत ७३० दिवसांची रजा मिळते. आई-वडिलांसाठी? जुलै २०२५ मध्ये हा प्रश्न राज्यसभेत आला, तेव्हा मंत्र्यांनी सांगितलं की कर्मचाऱ्यांना ३० दिवसांची अर्जित रजा, २० दिवसांची अर्धवेतनी, आठ किरकोळ आणि दोन ऐच्छिक रजा मिळतात, त्या वैयक्तिक कारणांसाठी वापरता येतात, आई-वडिलांना सांभाळण्यासाठीही. म्हणजे तुमच्याच खात्यातले पैसे तुम्ही वापरू शकता, असं बँकेने कळवावं तसं.

आणि सून? हिंदू उत्तराधिकार कायद्यात नवरा हयात असताना ती सासू-सासऱ्यांची वारस नाही. २००७ च्या कायद्यात ती जबाबदार नाही. सांभाळायचं म्हटलं की मात्र सगळ्यांची नजर तिच्याकडेच वळते.

बँकेचा विषय आला आहे तर एका अडचणीबद्दल सविस्तर लिहितो, कारण तिच्यात सापडेपर्यंत ती कुणाला माहीत नसते. वडिलांच्या नावावर १५ लाखांच्या ठेवी आहेत. आयुष्यभर म्हातारपणासाठीच साठवलेल्या. आता म्हातारपण आलं आहे, डिमेन्शियाही आला आहे, आणि सही काय असते हे वडिलांना आठवत नाही. मुलाकडे मुखत्यारपत्र, म्हणजे पॉवर ऑफ ॲटर्नी, आहे. पण करार कायद्यानुसार मुखत्यारपत्र देणाऱ्याची मानसिक क्षमता गेली की ते मुखत्यारपत्रही संपतं. ज्या दिवशी त्याची खरी गरज पडते नेमक्या त्याच दिवशी. आजारी, थकलेल्या खातेदारांसाठी रिझर्व्ह बँकेच्या सूचना आहेत: अंगठा, तोही शक्य नसेल तर पायाचा अंगठा, दोन साक्षीदार, त्यातला एक बँकेचा अधिकारी. ही सोय हात चालत नसलेल्यांसाठी आहे, भान गेलेल्यांसाठी नाही. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा आला तेव्हा मालमत्तेसाठी पालक नेमण्याची जुन्या कायद्यातली तरतूद गेली. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात पालक नेमता येतो, पण तो स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता यांच्यासाठी. उरतं उच्च न्यायालय. तिथे रिट करा, वैद्यकीय मंडळाचा अहवाल आणा, सगळ्या भावंडांची संमती आणा. वकिलाची फी अर्थातच मुलाच्या खिशातून. वडिलांचे १५ लाख बँकेत व्याज कमावत असतात आणि मुलगा वैयक्तिक कर्जावर डायपर घेत असतो. म्हणून ठेवी ‘दोघांपैकी कोणीही’ या पद्धतीने जोडनावावर वेळेत करून घ्या, असं सांगणारा माणूस दुष्ट वाटतो. तो दुष्ट नाही.

यावर उपाय अवघड नाही. शहाणपण शाबूत असतानाच, पुढे ते गेलं तर माझे व्यवहार कोण बघेल हे नोंदवून ठेवता येईल आणि ते मुखत्यारपत्र क्षमता गेल्यावरही टिकेल, एवढी कायद्यात तरतूद करायची. सरकारला त्यासाठी एक रुपयाही लागत नाही.

भावंडांकडे वळू. मराठी मध्यमवर्गात आता एक ठरलेला नकाशा आहे: एक मुलगा न्यू जर्सीला नाहीतर बंगळुरूला, आणि एक मुलगी ठाण्यात, आईपासून दहा मिनिटांवर. मुलगा पैसे पाठवतो, तेही मनापासून. “ताई, तू आहेस म्हणून मी इथे निर्धास्त आहे,” असं फोनवर म्हणतो आणि त्यात खोटं काही नसतं. पण त्याने पाठवलेल्या पैशांचा हिशेब बँकेच्या पासबुकात असतो आणि ताईने न घेतलेल्या बढतीचा कुठेच नसतो. वाटणीच्या वेळी त्याच्याकडे कागद असतात, हिच्याकडे फक्त तक्रार. सगळ्यांचा समान वाटा हे तत्त्व न्याय्य दिसतं. काळजीचा भार समान नसेल तर ते न्याय्य राहत नाही. आई-वडिलांनी धडधाकट असताना मृत्युपत्रात हे लिहावं, आणि भावंडांनी दर महिन्याला खर्च लिहून त्यात करणाऱ्याच्या वेळेची रक्कमही धरावी. “आईच्या सेवेचे पैसे लावतेस?” हा प्रश्न नेहमी न करणाऱ्याच्या तोंडून येतो, हे माझं निरीक्षण आहे.

आतापर्यंत बोललो ते ठेवी, ब्यूरो आणि न्यू जर्सी असलेल्या घरांबद्दल. ज्यांच्याकडे यातलं काही नाही, त्यांच्याकडे दुसरं बिल वेगळ्या रूपात येतं. ब्यूरो गावात नसतोच. सुनेची मजुरी बुडते, शेळी विकली जाते, बचतगटाचा हप्ता थकतो, आणि नववीतली नात घरी बसते कारण आजीजवळ कुणीतरी लागतं. संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांग नसलेल्यांना महिन्याला १५०० रुपये मिळू शकतात, पण त्यासाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत हवं. महिन्याला १७५० रुपये. एवढ्यावर जगणारं कुटुंब तहसीलदाराने दाखवावंच. खासगी नोकरीत हयात घालवलेल्याचं किमान पेन्शन २०१४ पासून एक हजारावर आहे. तेव्हा हजारात काय यायचं आणि आज काय येतं, ते सांगायला नको.

शहरातल्या घरात चोवीस तास राहणारी ती पंचवीस हजारांची बाईसुद्धा बहुतेक वेळा मराठवाड्यातून किंवा विदर्भातून आलेली असते आणि तिची आई गावी कुणाच्या तरी भरवशावर असते. ब्यूरो त्यातून आपला वाटा कापतो. तिला आठवड्याची सुट्टी मागावी लागते, आणि ती मागितली की घरातल्यांना राग येतो, कारण त्यांनाही सुट्टी नसते. दोन थकलेल्या बायका एकमेकींवर चिडतात. दोघींनी चिडायला हवं ते तिसऱ्याच कुणावर.

केरळने यातलं काहीतरी करून दाखवलं आहे. तिथे ‘आश्वासकिरणम’ नावाची योजना २०१० पासून आहे. अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं करण्यासाठी घरी राहणाऱ्याला महिन्याला ६०० रुपये मिळतात. रक्कम किरकोळ आहे, आणि ती महिनोन् महिने थकते अशी तक्रार तिथेही आहे. पण पैसे कुणाच्या नावे निघतात ते महत्त्वाचं: आजारी माणसाच्या नाही, करणाऱ्याच्या. त्याच्या जोडीला मलप्पुरम-कोळिकोड भागातून वाढलेलं शेजारपाजारच्या स्वयंसेवकांचं जाळं आहे. परिचारिका घरी येते, जखम धुते, नळी बदलते. जर्मनीने काळजीचा सक्तीचा विमा १९९५ मध्ये आणला, जपानने २००० मध्ये. चाळिशीपासून प्रत्येक जपानी त्यात वर्गणी भरतो. आपण श्रीमंत नाही, हे खरं. केरळही जपान नाही.

शिवाय आपल्या कायद्यात हे शब्द आधीच आहेत. दिव्यांग हक्क कायदा २०१६ च्या २४ व्या कलमात, ज्यांना जास्त मदत लागते अशा दिव्यांगांसाठी काळजीवाहकाचा भत्ता, असं नमूद आहे. अर्थात ‘आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत’ हे शेपूट लावून. ती क्षमता कुठे असते आणि कुठे नसते हे आपण पाहिलं आहे. मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेसाठी राज्याने २०२५-२६ मध्ये ३६ हजार कोटींची तरतूद केली. त्या योजनेवर मी टीका करत नाही. बाईच्या खात्यात थेट पैसे जाणं मला योग्य वाटतं. पण तिची वयोमर्यादा ६५ आहे. पंच्याहत्तरीच्या नवऱ्याला एकटीने कुशीवर वळवणारी ६८ वर्षांची बायको तिच्यात बसत नाही. समजा, राज्यातल्या तीन लाख घरांत अशा करणाऱ्या माणसाला महिन्याला तीन हजार दिले. वर्षाला १०८० कोटी होतात, म्हणजे त्या ३६ हजार कोटींचे तीन टक्के. तीन हजारांत बाई येत नाही, मान्य. डायपर येतात. आणि ग्रामीण रुग्णालयात चार खाटा अशा ठेवल्या, जिथे पेशंटला वर्षातून पंधरा दिवस सोपवून करणारीला स्वतःचं गुडघ्याचं दुखणं दाखवता येईल, लेकीचं बाळंतपण करता येईल, नुसतं झोपता येईल, तर मला वाटतं ती त्या तीन हजारांपेक्षाही आधी त्या खाटेकडे धावेल.

सरकार पैसे द्यायला लागलं तर मुलं जबाबदारी झटकतील, असा एक आक्षेप येतो. भत्ता राहणाऱ्यालाच मिळणार आहे. झटकणाऱ्यांनी तो जाहीर व्हायची वाट पाहिलेली नाही. दुसरा आक्षेप जास्त भावनिक असतो: सेवेला पैसे लावले की तिचं पावित्र्य जातं. २०१७ पासून आपण बाळंतिणीला २६ आठवड्यांची पगारी रजा देतो. त्या पगारामुळे तिचं बाळावरचं प्रेम कमी झालं असं कुणी म्हणत नाही. तिसरा आक्षेप खरा आहे. खोटे लाभार्थी निघतील. निघतील थोडे, सगळीकडे निघतात. पण अंथरुणाला खिळलेलं माणूस खोटं उभं करणं अवघड असतं. ते गल्लीला माहीत असतं.

ते सरकारलाही माहीत असतं. आशाताई तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचा जो आरोग्य-तपासणी फॉर्म भरतात, त्यात साठीच्या पुढच्यांसाठी वेगळे प्रश्न आहेत. जेवणं, कपडे घालणं, अंघोळ यांसारख्या रोजच्या गोष्टींसाठी दुसऱ्याची मदत लागते का? जवळच्यांची नावं किंवा घरचा पत्ता विसरता का? उत्तर ‘हो’ आलं तर पेशंटला आरोग्य केंद्रात पाठवावं, असं त्यात म्हटलं आहे. ती मदत कोण करतं, आणि त्यासाठी त्या माणसाने कोणतं काम सोडलं, हे दोन रकाने त्याच पानावर वाढवता येतील. पुढच्या अर्थसंकल्पाआधी एका जिल्ह्यात हे करून बघायला हरकत नसावी.